फुलांचं पाणी

१ जानेवारी

ही डायरी मला भावजयीने दिली. "ताई, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटेल," म्हणाली. म्हणजे मी तिच्या तोंडावर जे बोलते ते यापुढे कागदाला ऐकवावं, अशी तिची इच्छा. बोलणं कसं मऊसूत. विमा कंपनीत चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढायचं काम करते, तिथलंच हे वळण. मी तिला बाईसाहेब म्हणते. तिच्या माघारी म्हणते, समोर नाही. तेवढी लाज अजून शिल्लक आहे.

तर बाईसाहेबांच्या कृपेने लिहायला बसले आहे. खाली आमचं फुलांचं दुकान, दुकानामागे माझी खोली, वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि माझी ठकी. कागदोपत्री ठकी त्या दोघांची मुलगी आहे. दोघं सकाळी बाहेर पडतात, तो फुलांची गाडी घेऊन आणि ती पर्स घेऊन. शाळा सुटली की पोरगी माझ्या ताब्यात. तिचा पहिला दात मी पाहिला. बाईसाहेबांनी तो संध्याकाळी कचेरीतून आल्यावर पाहिला.

आज शेवंती बरी आली. गुलाब नेहमीप्रमाणे माना टाकून आले.

९ जानेवारी

ठकीने आज एकटीने सगळ्या बादल्या भरल्या. मी फक्त नळ सोडला. कापलेल्या फुलांच्या पाण्यात आम्ही साखर, लिंबाचे थेंब आणि एक पांढरी गोळी घालतो. ही बाबांची पद्धत. औषधाच्या दुकानातून गोळ्यांचा मोठा डबा आणायचा आणि काचेच्या बरणीत ओतून ठेवायचा. डब्यावर ॲस्पिरिन लिहिलेलं असतं, आम्ही फुलांची गोळी म्हणतो. शास्त्र काय सांगतं ते मला माहीत नाही, पण बाबांचे गुलाब सैनिकासारखे उभे असायचे. बाबांचं स्वतःचं डोकं दुखलं की तेही त्याच बरणीत हात घालायचे. ना त्यांना कधी काही झालं, ना गुलाबांना.

ठकीला गोळी पाण्यात विरघळताना बघायला आवडतं. बादलीवर नाक टेकून बसते. "आत्या, फुलांना ताप येतो?" मी म्हटलं, "येतो की. तुझी आई जवळून गेली की येतो." खदखदून हसली. हे वर जाऊन सांगणार आणि माझं काही खरं नाही.

१४ जानेवारी

ठकीला ताप. तिच्या वर्गातली निम्मी पोरं खोकतायत म्हणे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने फ्लू सांगितला. तापाचं सिरप, भरपूर पाणी, विश्रांती. हा डॉक्टर आपल्या टेबलावर कापडी फुलं ठेवतो, त्याच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही.

बाईसाहेबांनी सिरपच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद उलगडून अथपासून इतिपर्यंत वाचला. मला सांगितलं, "ताई, हे सोडून दुसरं काहीही द्यायचं नाही. काही वाटलं तर मला फोन करा." आणि गेल्या कचेरीत. एवढी काळजी आहे तर रजा घ्यावी माणसाने. धाकटा म्हणाला, "महिनाअखेर आहे, तिला सुट्टी मिळत नाही." महिना मध्यावर आहे. पण बायकोच्या बाबतीत आमच्या धाकट्याचं कॅलेंडर वेगळं असतं.

१६ जानेवारी

पोरीला खाली माझ्या पलंगावर आणून ठेवलंय, म्हणजे दुकानातून दिसते. सिरप दिलं की ताप तासदोन तास उतरतो आणि पुन्हा चढतो. दुपारी अंग भाजत होतं. "आत्या, डोकं दुखतं, पाय दुखतात," एवढंच म्हणत होती आणि डोळ्यांतून पाणी. गिऱ्हाईक समोर उभं, त्याला लग्नाचे गुच्छ हवेत, आणि मागे माझं लेकरू कण्हतंय.

फोन केला. बाईसाहेब मीटिंगमध्ये.

मग मला सुचलं ते मी केलं. बरणीतली गोळी मोडून अर्धी घेतली, ग्लासात साखर, लिंबू, पेन्सिलीने ढवळलं. ठकीला म्हटलं, "फुलांचं पाणी पितेस?" आजारी होती तरी डोळे चमकले. गटागट प्यायली. थोड्या वेळाने घाम आला आणि शांत झोपली. मी तिच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ बसले होते. लग्नवालं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. जाऊ दे.

उठल्यावर तिला म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं. हे आपलं दोघींचं."

१९ जानेवारी

ताप हरला. या तीन-चार दिवसांत सकाळी अर्धी, दुपारी अर्धी, बाईसाहेब यायच्या आत. काल संध्याकाळी त्या ठकीचं कपाळ चाचपून धाकट्याला म्हणाल्या, "बघ, सिरपने गुण आला की नाही. डॉक्टरचं ऐकावं माणसाने." मी तोंडावर हसू ठेवून गुलाबाचे काटे काढत होते.

श्रेय कुणी का घेईना, माझी हरकत नाही. पोरगी उठून बसली, बस झालं. आज तिने दुकानात येऊन प्रत्येक बादलीतल्या फुलांना नाव दिलं. एका जरबेराला बाईसाहेब म्हणाली. कुठून ऐकलं कोण जाणे.

२१ जानेवारी

सकाळी अगदी छान होती. दुपारी उलटी. मग पुन्हा. मग नुसतं पाणीही ठरेना. ताप नाही. काल बाईसाहेबांनी आपल्या कचेरीतला केक आणून भरवला होता, त्याचे हे पराक्रम. मी तसं बोलूनही दाखवलं. तिचा चेहरा उतरला. उतरू दे.

ठकी डोकं दुखतं म्हणत होती, म्हणून जाता जाता थोडं फुलांचं पाणी दिलं. तेही उलटून पडलं.

२२ जानेवारी

लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळपासून वर तिच्या खोलीत झोपून होती. हाक मारली की डोळे उघडायची आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायची. मी म्हटलं, उलट्यांनी दमलीय, झोपू दे. आज ठकीची आई कामावर गेली नाही. ती म्हणाली, "ताई, ही झोप नाही. आपण हॉस्पिटलला जाऊ या." मी म्हटलं, "तुला आज सुट्टी मिळाली तर सगळं आजच दिसायला लागलं. मुलं अशी झोपतात." धाकटा आम्हा दोघींच्या मध्ये खांबासारखा उभा. त्याने माझं ऐकलं. तो नेहमी माझंच ऐकतो.

दुपारी ठकी उठून किंचाळायला लागली. भिंतीवर काहीतरी चालतंय म्हणाली. मी धरायला गेले तर माझ्या मनगटाला चावली. माझी ठकी. चावली आणि आईला म्हणाली, "ही बाई कोण आहे?"

तिच्या आईने तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि अनवाणी जिना उतरली. धाकटा गाडीची किल्ली शोधत राहिला, तोवर ती रस्त्यावर जाऊन दुसरीच गाडी थांबवून बसली होती. मला चप्पल घालायचं भान होतं. ते आता मनाला लागतंय.

२३ जानेवारी

अतिदक्षता विभाग. एका वेळी एकालाच आत सोडतात. तोंडात नळी, नाकात नळी, हाताला सुया. मी येताना ठकीसाठी पिवळे जरबेरा आणले होते. दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, फुलं आत चालत नाहीत." मला फुलांचा नियम सांगतोय. जिन्याच्या कठड्यावर ठेवून आत गेले.

चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. डॉक्टर खुर्ची देतात तेव्हा मला भीती वाटते. तरुण आहे, बोलते मात्र सावकाश. म्हणाली, "रक्तातली साखर खूप खाली आलीय. यकृताने काम टाकलंय, त्यामुळे रक्तात अमोनिया वाढलाय आणि मेंदूला सूज आलीय. फ्लू किंवा कांजण्या होऊन गेल्यावर क्वचित एखाद्या मुलाला असं होतं. फार दुर्मिळ आहे." मग तिने विचारलं, "तापात हिला ॲस्पिरिन दिली होती का? मुलांना अशा तापात ती दिली तर या आजाराचा धोका वाढतो, म्हणून विचारते."

ठकीची आई म्हणाली, "नाही. फक्त तापाचं सिरप. आमच्या घरात ॲस्पिरिन नाहीच."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसा मुलीजवळ कोण असतं?"

धाकटा म्हणाला, "माझी बहीण. पण ती औषधाला हात लावत नाही. हिला विचारल्याशिवाय चमचाभर सिरपही देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. धाकट्याच्या बोलण्याला हलवली. मला असं कुणी विचारलंच नाही. आणि ठकीची आई म्हणाली ते खरंच आहे. बरणी घरात नाही, दुकानात आहे.

२४ जानेवारी

सकाळी दुकान उघडून बादल्या भरल्या. बरणी वरच्या फळीवर ठेवली, रिबिनींच्या खोक्यामागे. खाली जागा हवी होती.

हॉस्पिटलात गेले तर तिघं बोलत होती. ठकीच्या रक्तात ॲस्पिरिन सापडलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी गेलीय पोटात. मी कुणाला दोष देत नाही. कळलं तर निदान पक्कं होईल, एवढंच. उपचार आम्ही त्याच दिशेने सुरू केलेत." म्हणजे उपचार चालूच आहेत. म्हणजे कुणी काही सांगितल्याने आता फरक पडत नाही. मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला वाटलं. चष्मेवाल्यांचं तसं वाटतं.

अर्ध्या गोळीने काय होणार? अर्धी गोळी तर एका बादलीलाही पुरत नाही.

२५ जानेवारी

ठकीची आई कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती. कप भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. मी बटण बंद केलं. तेव्हा तिने माझा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"ताई, माझ्या पर्समध्ये अर्धशिशीच्या गोळ्या असतात. आज पाकीट वाचलं. त्यात आहे ती ॲस्पिरिन. ही माझ्या पर्समध्ये सारखी हात घालते, लिपस्टिक शोधत. गोळ्यांवर लाल साखर असते, ताई. तिला गोड लागल्या असतील. सगळ्यांचे कागद वाचते मी, आणि माझ्याच पर्समधला वाचला नाही."

मी म्हटलं, "मुलं घेतात काहीबाही. तुझा काय दोष."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. हे मुद्दाम लिहून ठेवते, मी तिला एका शब्दाने दोष दिला नाही.

तो मात्र देतोय. धाकटा तिच्याशी बोलतच नाही. तिने डबा पुढे केला तर उठून खिडकीपाशी गेला. त्याला एवढा राग येतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आलाय.

३० जानेवारी

सूज तेवढीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाट बघू." मी आयुष्यभर फुलं विकली. हॉस्पिटलात पाठवायची वेगळी, स्मशानात पाठवायची वेगळी. आज एक माणूस पांढरं पुष्पचक्र मागायला आला, लहान आकाराचं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे करत नाहीत. समोर तयार चक्र टांगलेलं होतं. त्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेला.

मला ठकी हवी आहे. बाकी काहीही होऊ दे, मला ती हवी आहे.

४ फेब्रुवारी

डोळे उघडले. नळी काढली. आई आत होती, मी काचेबाहेर. ठकीची नजर फिरत फिरत आईवर आली आणि तिथेच थांबली. मला राग यायला हवा होता, आला नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसले. दारावरच्या माणसाने पाणी आणून दिलं. चांगला माणूस आहे. फुलं घेत नाही, एवढंच.

२ मार्च

ठकी घरी आली. चालते, पण उजवा पाय जरा ओढते. उजव्या हाताची बोटं जुमानत नाहीत. शब्द सापडत नाहीत तिला. कात्रीला 'ते तोड' म्हणाली. फुलाला मात्र फूलच म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, यातून कितीतरी मुलं परत येत नाहीत, तुम्ही नशीबवान आहात. आम्ही तिघांनी मान हलवली. या घरात हल्ली माना बऱ्याच हलतात.

ठकीच्या आईने नोकरी सोडली. सोडली म्हणजे एका सकाळी गेलीच नाही. वरच्या घरात गोळी म्हणून ठेवली नाही तिने, खोकल्याचीसुद्धा नाही. तिची अर्धशिशी उठते तेव्हा ओला टॉवेल डोक्याला बांधून भिंतीकडे तोंड करून पडते. धाकटा शेजारच्या खोलीत निजतो.

२१ मार्च

व्यायामवाली येते. तिशीची, दणकट, पोरीला हसवते. एकेक काम करून घेते, बटण लाव, चेंडू उचल, नाव सांग. काम झालं की ठकी तिच्याकडे बघून विचारते, "बरोबर?" व्यायामवाली टाळी देते, "बरोबर." आता ती हे सगळ्यांना विचारते. बूट घातला, बरोबर? दूध प्यायले, बरोबर?

व्यायामवालीने आम्हाला बजावून ठेवलंय. "तिला जे आठवतं ते अनमोल आहे. बरोबर असेल तेव्हा ताबडतोब बरोबर म्हणा. उगाच चूक म्हणालात तर ती स्वतःवरच विश्वास ठेवणार नाही, मग शब्द आणखी मागे जातील." परवा धाकटा चुकून, घाईत, चूक म्हणाला. ठकीने ओठ मिटले ते दिवस मावळेपर्यंत.

१० एप्रिल

गुलाब टिकत नाहीत. नुसत्या साखरेच्या पाण्याला दुसऱ्या दिवशी वास येतो. दोन हॉटेलवाल्यांनी फुलं परत पाठवली. धंदा आहे शेवटी, भावना घेऊन किती दिवस बसणार? बरणी खाली काढली. ठकीच्या आईने ती कधी पाहिलेली नाही असं नाही, पण ती फुलांची आहे, तिकडे तिचं लक्ष कशाला जाईल?

व्यायामवालीने विचारलं होतं, बोटांना काम देता येईल का, तिच्या सवयीचं? मी ठकीला गोळ्या दिल्या. एकेक उचलायची, एकेका बादलीत टाकायची. आधी सगळ्या जमिनीवर. आज चार आत गेल्या. "बरोबर?" "बरोबर, माझ्या राणी, बरोबर."

गोळी विरघळताना बघत बसली, नाक बादलीला लावून. पूर्वीसारखीच.

२८ एप्रिल

ठकीची आई आता दुपारी दुकानात येऊन बसते. काटे काढायला शिकली. बोटं रक्ताळून घेते पण हातमोजे घालत नाही. आज म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून ती बोलायला तरी लागली. माझ्यावर सोडलं असतं तर मी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे."

मला हेच हवं होतं ना? पोरगी दिवसभर माझ्याजवळ, तिची आई माझ्या शब्दाबाहेर नाही, धाकटा माझ्या ताटाशेजारी जेवतो. सगळं मिळालं. आणि मी रोज ताट अर्धं टाकून उठते. मी तिला सांगणार होते. तिने विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण ती विचारत नाही, ती फक्त आभार मानते.

आज तिला बाईसाहेब लिहायला गेले आणि हात थांबला. कधीपासून लिहिलेलं नाही, बघते.

१३ मे

उन्हामुळे की कशामुळे, ठकीच्या आईचं डोकं उठलं होतं. दुकानातल्या स्टुलावर बसली, कपाळ हातात धरून. मी कार्नेशन कापत होते. धाकटा गाडीतून रिकाम्या बादल्या उतरवत होता, दार सताड उघडं. ठकी आईसमोर उभी राहिली आणि तिच्याकडे बघत राहिली, माना टाकलेल्या फुलांकडे बघते तशी.

मग ती आत गेली, पाय ओढत. ग्लास घेऊन आली. मला वाटलं, पाणी देतेय आईला, शहाणी झाली. बरणी छातीशी धरून तिने डाव्या हाताने झाकण उघडलं. एक गोळी काढली. दातांनी मोडली. अर्धी परत बरणीत टाकली, अर्धी ग्लासात. साखर. लिंबाची फोड पिळायला जमेना, तर ती ग्लासात बुडवून काढली. माझ्या टेबलावरून पेन्सिल घेतली आणि ढवळलं. एकदाही थांबली नाही. इतकं लांबलचक काम तिने आजारपणानंतर पहिल्यांदा केलं. माझ्या हातात कात्री होती आणि मला ती खाली ठेवता येईना.

ग्लास दोन्ही हातांनी धरून आईकडे नेला. निम्मं सांडलं. म्हणाली, "फुलांचं पाणी. पी." आई बघत राहिली. ठकीने शब्द शोधले, एकेक, आणि सापडले तिला. "बरं वाटतं. आईला सांगायचं नाही. आपलं दोघींचं."

मग माझ्याकडे वळून, "आत्या, बरोबर?"

ठकीच्या आईने ग्लास घेतला. वास घेतला. बरणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज अजिबात चढवला नाही. "ताई, हे तुम्ही हिला देत होतात? तापात?"

इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा कुणी सरळ विचारलं. मी म्हणत होते ना, विचारलं तर सांगेन. मी म्हटलं, "छे. काहीतरीच. तिला हल्ली कशाचं काय आठवतं, चुकतं तिचं."

चुकतं म्हणाले मी. ठकीचा चेहरा मी पाहिला. ती रागावली नाही, रडली नाही. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, यांनीच काही गडबड केली असावी तसं. ओठ मिटायला लागले. मी त्या पोरीचं यकृत घेतलं, पाय घेतला, बोटं घेतली, शब्द घेतले, आणि आता जे एक तिला नीट आठवलं होतं तेही घ्यायला निघाले होते. त्यापुढे मला जमलं नाही.

मी कात्री ठेवली. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "बरोबर, ठके. आत्या चुकली. तुझं बरोबर आहे. अर्धी गोळी, साखर, लिंबू. आईला सांगायचं नाही असं मीच म्हटलं होतं. सगळं बरोबर."

टाळी द्यायला तिने हात पुढे केला. मी टाळी दिली.

दारात बादल्या पडल्याचा आवाज झाला. धाकट्याच्या हातातल्या होत्या. तो बायकोच्या जवळ गेला, पण तिने हात वर करून त्याला लांबच थांबवलं. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, बरणी फोडेल. तिने फक्त ग्लास टेबलावर ठेवला, ठकीला कडेवर घेतलं, इतकी मोठी मुलगी, आणि जिना चढून वर गेली.

१७ मे

ठकीला घेऊन ती माहेरी गेली. धाकटा पोचवायला गेला होता, तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. तो आला आणि बाहेर गाडीतच बसून राहिला. मी जेवायला हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

जाताना ठकीने पायरीवरून हात हलवला. उजवा. बोटं सगळी उघडली होती. व्यायामवालीला सांगायला हवं, असं मनात आलं, मग आठवलं की ती आता इथे येणार नाही.

फुलं आणली नाहीत, बादल्या पालथ्या घातल्या. टेबलावर तो ग्लास तसाच होता. तळाशी थोडं उरलं होतं, त्यात लिंबाची एक बी. धुवायला उचलला आणि धुवेना, म्हणून पिऊन टाकलं. गोड, जरासं आंबट, आणि मागाहून कडू. प्रमाण अगदी बरोबर होतं.